पहिल्या ओळीचा मान

(नभोवाणीवरील भाषण)

कोणतीहि यादी हातीं आली कीं मनुष्य ती वरून खालीं वाचूं लागतो, हें इतकें स्वाभाविक वाटतें कीं या गोष्टीला कांहीं इतिहास असेल अशी शंकाहि कोणाला येत नाहीं. परीक्षेचा निकाल, आगगाडीचें वेळापत्रक, ग्रंथालयाची सूची, किराण्याची यादी, सर्वत्र नजर प्रथम डोक्यावरच्या ओळीवर पडते. परंतु या याद्यांत आणि आज जिच्याविषयीं मी बोलणार आहें त्या यादींत एक मोठा भेद आहे. निकालांत आपल्या मुलाचें नांव पन्नासावें असलें तरी आपण तें शोधून काढतों. वेळापत्रकांत आपली गाडी अगदीं तळाला असली तरी बोट तेथपर्यंत जातें. गूगलसारखें शोधयंत्र आपल्या प्रश्नाला उत्तर म्हणून जी यादी पुढें मांडतें, तिच्या तळापर्यंत मात्र आपण क्वचितच जातों. घरांत कोणाला ताप आला, मुलाला कॉलेजांत प्रवेश घ्यावयाचा असला, सात-बाराच्या उताऱ्यांत कांहीं चूक निघाली, म्हणजे आपण चार शब्द लिहितों, यादी उमटते, आणि कांहीं क्षणांच्या आंत आपलें बोट एका ओळीवर पडलेलें असतें. ती ओळ आपण निवडली असें आपल्याला वाटतें. ती खरोखर आपणच निवडली काय, हा आजचा प्रश्न आहे. आणि त्याचें उत्तर शोधण्यांत विद्वानांचीं पुष्कळ वर्षें खर्चीं पडलीं आहेत.

या कथेचा आरंभ शोधयंत्रांच्या कितीतरी आधीं, पॅरिस शहरांत होतो. लुई एमिल जावाल नांवाचे एक नेत्रवैद्य तेथें वाचनाचा शास्त्रीय अभ्यास करीत असत. वाचणाऱ्याचा डोळा ओळीवरून पाण्यावरच्या होडीसारखा सरळ सरकत जातो, अशी सर्वसाधारण समजूत होती. १८७९ च्या सुमारास जावाल यांच्या प्रयोगशाळेंतील निरीक्षणांनीं ती खोटी ठरविली. डोळा सरकत नाहीं. तो झेपा घेतो. एका ठिकाणीं क्षणभर विसावतो, मग उडी मारतो, पुन्हां विसावतो. आणि जें कांहीं वाचलें जातें तें या विसाव्यांतच. पुढें अमेरिकेंत एडमंड ह्यूई यांनीं वाचणाऱ्याच्या डोळ्यावर प्लास्टरची एक बारीक वाटी बसवून तिला ॲल्युमिनियमचा हलका कांटा जोडला, आणि काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर डोळ्याच्या झेपा उमटवून घेतल्या. वाचनाच्या मानसशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ १९०८ सालीं प्रसिद्ध झाला. दरम्यान १९०१ मध्यें रेमंड डॉज यांनीं, डोळ्याला स्पर्श न करतां त्याच्यावरून परतणाऱ्या प्रकाशाचें छायाचित्र घेण्याची युक्ति प्रसिद्ध केली, आणि प्रयोगाला बसणाऱ्यांची मोठी सुटका झाली.

डोळा कसा चालतो हें कळलें. तो कोठें जातो आणि कां जातो हें कळण्यास आणखी कांहीं दशकें जावीं लागलीं. रशियन शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस यांनीं इल्या रेपिन या चित्रकाराचें एक प्रसिद्ध चित्र लोकांपुढें ठेवलें. दीर्घ काळ घरापासून दूर असलेला मनुष्य अचानक दारांत उभा राहिला आहे आणि घरांतील मंडळी त्याच्याकडे पाहत आहेत, असा त्यांतील प्रसंग. या माणसांचीं वयें सांगा, असें म्हटलें म्हणजे पाहणाऱ्याची नजर चेहऱ्यांवर फिरे; कुटुंबाची सांपत्तिक स्थिति सांगा, म्हटलें कीं तीच नजर कपडे आणि सामानसुमान यांवर जाई. चित्र तेंच, डोळे तेच. परंतु प्रश्न बदलला कीं पाहणेंहि बदले. यार्बुस यांच्या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर १९६७ सालीं निघालें. डोळा मनाचा चाकर आहे, हा त्याचा निष्कर्ष आपल्या विषयाचा पाया होय. ज्याला यंत्रापुढें बसलेल्या माणसाचें मन ओळखावयाचें असेल, त्यानें त्याच्या नजरेचा माग काढावा.

आतां यंत्राकडे वळूं. १९९० सालीं कॅनडांतील मॉन्ट्रिऑलच्या मॅकगिल विद्यापीठांत ॲलन एमटेज या विद्यार्थ्यानें ‘आर्ची’ नांवाची एक योजना सिद्ध केली. इंटरनेटवरील निरनिराळ्या यंत्रांत कोणत्या फायली आहेत याची ती सूची ठेवीत असे. पुढें टिम बर्नर्स-ली यांचें वर्ल्ड वाइड वेब जगाला खुलें झालें, आणि पानांची संख्या पाहतां पाहतां हाताबाहेर गेली. १९९४ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनीं ‘याहू’ची विषयवार सूची सुरू केली, ती माणसांनीं लावलेली होती, ग्रंथपाल कपाटें लावतो तशी. त्याच वर्षीं वॉशिंग्टन विद्यापीठांतील ब्रायन पिंकर्टन यांचें ‘वेबक्रॉलर’ पानांतील प्रत्येक शब्दाची नोंद घेऊं लागलें. १९९५ च्या डिसेंबरांत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीनें ‘आल्टाव्हिस्टा’ लोकांसाठीं खुलें केलें. आतां शोधणाऱ्याला सामग्रीचा तुटवडा राहिला नाहीं. तुटवडा पडला तो त्याच्या सवडीचा. एका शब्दावर हजारों पानें हातीं येत आणि त्यांत उपयोगाचें एखादें कोठें तरी दडलेलें असे.

येथें एक सूक्ष्म परंतु महत्त्वाचा फरक घडला. ग्रंथालयाच्या सूचींत नांवें वर्णानुक्रमानें असतात. ‘अ’ पासून सुरू होणारें नांव प्रथम आलें म्हणून तें ग्रंथकार थोर आहेत असें कोणी मानीत नाहीं. कारण क्रम कशानें लागला हें सूची चाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतें. पहिल्या जागेला तेथें कसलाहि मान नसतो. शोधयंत्राच्या यादींत मात्र क्रम हाच निवाडा होता. स्टॅनफर्डचे लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनीं १९९८ सालीं आपल्या गूगल या यंत्राचा जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांत या निवाड्याची नवी रीति सांगितली होती. विद्वानांच्या लेखनांत ज्या ग्रंथाचा उल्लेख अनेकजण करतात तो वजनदार ठरतो. तसें ज्या पानाकडे पुष्कळ पानें, आणि त्यांतहि वजनदार पानें, बोट दाखवितात तें पान वर यावें, अशी ती कल्पना. त्याच निबंधांत त्यांनीं एक साधें सत्य नमूद केलें होतें : पानांची संख्या कितीहि पटींनीं वाढली तरी माणसाची पाहण्याची शक्ति वाढत नाहीं, आणि तो पहिल्या कांहीं दशक निकालांपलीकडे पाहण्यास तयार नसतो. पुढील अनुभवानें हें अनुमानसुद्धां फार उदार ठरलें.

माणसें खरोखर किती पाहतात हें प्रथम समजलें तें यंत्रांच्या रोजनाम्यांवरून. कोणी काय विचारलें आणि किती पानें उलटलीं याची नोंद यंत्र आपोआप ठेवतें. अमेरिकेंत जॅन्सन, स्पिंक आणि सारासेविक या अभ्यासकांनीं ‘एक्साइट’ या यंत्राचे १९९७ मधील ५१,४७३ प्रश्न तपासले. ते १८,११३ व्यक्तींनीं विचारलेले होते. एका प्रश्नांत सरासरीनें दोनांहून थोडे अधिक शब्द, आणि शंभरांपैकीं ५८ माणसें निकालांचें पहिलें पान पाहून परत फिरलेलीं! पुढील वर्षीं आल्टाव्हिस्टाच्या रोजनाम्याचा अभ्यास झाला. सहा आठवड्यांच्या त्या नोंदींत सुमारें एक अब्ज विनंत्या होत्या. तेथें शंभरांत ८५ वेळां केवळ पहिलेंच पान पाहिलें गेलें होतें, आणि चारांपैकीं तीन बैठका एकाच प्रश्नावर संपल्या होत्या. विद्वान लोक थक्क झाले. ग्रंथालयांत संशोधक ज्या चिकाटीनें शोध करतो तिचा येथें मागमूसहि नव्हता.

परंतु घाईचा हा आरोप करण्यापूर्वीं दोन गोष्टी ध्यानांत घेतल्या पाहिजेत. पहिली गोष्ट अशी कीं, सर्व प्रश्न एका जातीचे नसतात. आल्टाव्हिस्टामध्यें काम केलेले अँड्रे ब्रोडर यांनीं २००२ सालीं त्यांचे तीन प्रकार सांगितले. कोणाला ठराविक ठिकाणीं जावयाचें असतें, कोणाला माहिती हवी असते, तर कोणाला कांहीं व्यवहार उरकावयाचा असतो. ज्याला आपल्या बँकेचें संकेतस्थळ हवें आहे त्यानें दहा ओळी वाचून काय करावें? दुसरी गोष्ट पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड या झेरॉक्स कंपनीच्या संशोधकांनीं १९९९ सालीं मांडली. रानांत भक्ष्य शोधणारा प्राणी जसा वासावरून ठरवितो कीं येथें थांबावें कीं पुढें जावें, तसाच मनुष्यहि माहितीच्या रानांत वासावर चालतो. श्रम किती, लाभ किती, याचा हिशेब त्याच्या मनांत नकळत चाललेला असतो. निकालाचें शीर्षक, पत्ता आणि खालच्या दोन ओळी हा तो वास. आपल्या घरांतील गृहिणी शितावरून भाताची परीक्षा करते, तिला कोणी आळशी म्हणत नाहीं. प्रश्न एवढाच कीं, हें शीत भाताच्या त्याच भांड्यांतून काढलेलें आहे ना?

रोजनाम्यावरून बोट कोठें पडलें तें कळतें. डोळा कोठें फिरला तें कळत नाहीं. म्हणून जावाल आणि यार्बुस यांची विद्या आतां कामास आली. एव्हांना डोळ्यावर वाटी बसविण्याची गरज उरली नव्हती. पडद्यासमोर ठेवलेलें यंत्र दुरूनच बुबुळाची हालचाल टिपूं लागलें होतें. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत लॉरा ग्रँका, थॉर्स्टन योआकिम्स आणि जेरी गे यांनीं विद्यार्थ्यांना दहा प्रश्न देऊन गूगलपुढें बसविलें आणि त्यांच्या नजरेचा माग घेतला. हा अभ्यास २००४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत दिसून आलें तें असें : पहिल्या आणि दुसऱ्या ओळीकडे डोळा जवळजवळ सारखाच वेळ पाहतो, परंतु बोट मात्र पहिल्या ओळीवर दुसरीपेक्षां कितीतरी अधिक वेळां पडतें. तिसऱ्या ओळीपासून नजर झपाट्यानें विरळ होत जाते. पडदा सरकविल्यावांचून जितकें दिसतें त्याच्या खालीं जाण्याचे कष्ट थोडेच लोक घेतात; मात्र जे जातात ते खालच्या ओळी बऱ्याच सारख्या नजरेनें पाहतात.

दोन ओळी सारख्याच पाहिल्या आणि तरीहि पहिलीच निवडली, याचे दोन अर्थ संभवतात. एक तर पहिली ओळ खरोखरच अधिक चांगली असेल. नाहीं तर ती पहिली आहे एवढ्याच कारणानें ती चांगली वाटत असेल. याचा निर्णय करण्यासाठीं कॉर्नेलच्या मंडळींनीं एक साधी पण मार्मिक युक्ति केली. विद्यार्थ्यांना न सांगतां त्यांनीं मध्येंच यादी बदलली. कांहींच्या पुढें पहिल्या दोन ओळींची अदलाबदल केली. कांहींच्या पुढें दहाची दहा ओळींची यादी उलटी टांगली, म्हणजे यंत्रानें जिला दहावी ठरविलें होतें ती पहिली झाली. परिणाम काय झाला? यादी उलटी झालेल्या विद्यार्थ्यांना कांहीं तरी बिघडल्याचें जाणवलें असावें; त्यांनीं अधिक ओळी तपासल्या, नजर अधिक खालीं नेली. तरीहि त्यांचा कल वरच्या ओळींकडेच राहिला, आणि योग्य उत्तर मिळविण्यांत ते इतरांच्या बरोबरीला आले नाहींत. २००७ सालीं बिंग पान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं हे निष्कर्ष सविस्तर मांडले. खालची ओळ अधिक समर्पक आहे हें तिच्या मजकुरांत स्पष्ट लिहिलेलें असूनहि हात वरच्या ओळीकडेच वळत होता. हे विद्यापीठांत शिकणारे तरुण होते. निरक्षर वा भाबडे लोक नव्हते.

श्रोतेहो, या प्रयोगाचें महत्त्व मला फार वाटतें. त्यांतून असें दिसलें कीं आपण ओळ निवडतों तेव्हां बहुधा ओळीवर विश्वास टाकीत नाहीं. ती लावणाऱ्यावर टाकतों. गांवांत पंगत बसते तेव्हां पहिल्या पाटावर कोणाला बसवावें हें यजमान ठरवितो, आणि पाहणारा त्या जागेवरून पाहुण्याची योग्यता ओळखतो. यजमान प्रामाणिक असेल तोंवर या रीतींत वावगें कांहीं नाहीं. परंतु पहिला पाट विकत मिळूं लागला तर?

व्यापाऱ्यांनीं हें वर्म फार लवकर ओळखलें. २००५ सालीं एन्क्वायरो आणि तिच्या सहकारी संस्थांनीं नजरेचे नकाशे प्रसिद्ध केले, आणि पानाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यांतील जागेला ‘सोनेरी त्रिकोण’ असें नांव पडलें. पुढील वर्षीं जेकब नील्सन यांनीं २३२ माणसांच्या वाचनाचा अभ्यास करून दाखविलें कीं, वेबवरील पानावर नजर बहुधा इंग्रजी ‘एफ’ अक्षरासारखी फिरते : वर एक आडवी रेघ, थोडी खालीं दुसरी आंखूड रेघ, आणि मग डाव्या कडेनें सरळ खालीं. मायक्रोसॉफ्टच्या एडवर्ड कट्रेल आणि झीवेई ग्वान यांनीं २००७ मध्यें आणखी एक मौज दाखविली. शीर्षकाखालचा उतारा लांबविला तर माहिती शोधणाऱ्यास साहाय्य होतें. परंतु ठराविक स्थळीं जाऊं इच्छिणाऱ्याचें काम उलट बिघडतें, कारण लांब मजकुरांत गुंतलेली त्याची नजर पत्त्याच्या ओळीवरून उडते. सोनेरी जागा कोणती हें कळल्यावर तिच्यासाठीं झुंबड उडाली. पान वर आणून देण्याचा एक स्वतंत्र धंदाच उभा राहिला. त्यांत सरळ मार्गानें चांगलें लिहिणारे होते, तसे पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शेंकडों शब्द दडवून यंत्राला फसविणारेहि होते. नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा, अशा पानांचा बाजार भरला. यंत्रवाल्यांनीं कुंपण उंच करावें आणि यांनीं शिडी उंच करावी, असा हा खेळ तेव्हांपासून चालू आहे.

जाहिरातींची कथाहि याच नजरेची आहे. २००० च्या ऑक्टोबरांत गूगलनें शब्दावर लागणाऱ्या जाहिरातींची योजना काढली. प्रथम त्यांचें मोठें स्थान उजव्या कडेला होतें. परंतु माणसाची नजर डावीकडे वर असते. २०१६ च्या फेब्रुवारींत संगणकाच्या पडद्यावरील उजवीकडच्या त्या मजकूर-जाहिराती काढून टाकण्यांत आल्या आणि जाहिराती यादीच्या माथ्यावर व पायथ्याशीं राहिल्या. विशेष हें कीं, पेज आणि ब्रिन यांनींच १९९८ च्या आपल्या निबंधाच्या पुरवणींत इशारा दिला होता कीं, जाहिरातींवर चालणाऱ्या शोधयंत्राचा कल स्वभावतःच वाचकांकडून जाहिरातदारांकडे झुकतो.

यादींतील जागेची किंमत किती, हें शेवटीं सरकार-दरबारीं मोजलें गेलें. २०१७ च्या जूनमध्यें युरोपीय आयोगानें गूगलला २.४२ अब्ज युरोंचा दंड केला. वस्तूंच्या किंमतींची तुलना करणारी स्वतःची सेवा कंपनीनें यादीच्या माथ्यावर बसविली आणि प्रतिस्पर्ध्यांना खालीं ढकललें, असा आयोगाचा ठपका होता. प्रतिस्पर्ध्यांपैकीं सर्वांत वरचासुद्धां सरासरीनें चौथ्या पानावर सांपडत असे. आयोगानें दिलेले आंकडे बोलके आहेत. संगणकावर पहिल्या पानांतील दहा निकाल मिळून सर्वसाधारण निकालांवरील सुमारें ९५ टक्के क्लिक घेतात; त्यांतील सुमारें ३५ टक्के एकट्या पहिल्या ओळीचे. दुसऱ्या पानावरील पहिल्या ओळीच्या वांट्याला अवघा एक टक्का येतो. एवढेंच नव्हे, तर पहिली ओळ उचलून तिसऱ्या जागीं ठेवली तर तिचे क्लिक निम्म्यानें घटतात. ओळ तीच, मजकूर तोच. केवळ दोन पायऱ्या खालीं! युरोपच्या सर्वोच्च न्यायालयानें २०२४ च्या सप्टेंबरांत हा दंड कायम केला. त्यापूर्वीं एकच महिना, अमेरिकेच्या एका संघीय न्यायालयानें शोधाच्या धंद्यांत गूगलनें बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निर्णय दिला. मोबाइल आणि ब्राउझर यांत आपलेंच यंत्र आधींपासून बसविलेलें असावें म्हणून कंपनीनें २०२१ या एका वर्षांत २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मोजल्याचें त्या खटल्यांत उघड झालें. समोर जें आयतें असतें तेंच बहुतेक माणसें स्वीकारतात, या मानवी स्वभावाची ही किंमत होय.

व्यापाराहून गंभीर गोष्ट आहे ती मताची. रॉबर्ट एप्स्टाइन आणि रोनाल्ड रॉबर्टसन यांनीं २०१५ सालीं पांच प्रयोगांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांतील एक प्रयोग आपल्या देशांत, २०१४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळीं, कोणाला मत द्यावें याचा निश्चय न झालेल्या २,१५० मतदारांवर केलेला होता. एकेका उमेदवाराला अनुकूल अशीं पानें वर आणून मुद्दाम लावलेली यादी लोकांना दिली, आणि तिचा उपयोग करण्यापूर्वींचा व नंतरचा त्यांचा कल विचारला. अनिश्चित मतदारांचा कल अशा यादीनें २० टक्के किंवा अधिक बदलूं शकतो, आणि यादी एकतर्फी आहे हें बहुतेकांच्या ध्यानांतहि येऊं न देतां हें करतां येतें, असा त्या लेखाचा निष्कर्ष होता. हा प्रयोग होता. खऱ्या निवडणुकींत कोणी असें केल्याचा तो पुरावा नव्हे. तरीहि लोकशाहींत राहणाऱ्या माणसानें विसरूं नये असा तो इशारा आहे. भाषण ऐकतांना आपण वक्त्याचा पक्ष ओळखतों. यादीला पक्ष असूं शकतो हें आपल्या मनांतच येत नाहीं.

शिवाय आपण यादी पाहतों तेव्हां यादीहि आपल्याकडे पाहत असते. २००६ च्या ऑगस्टमध्यें ‘एओएल’ या अमेरिकन कंपनीनें संशोधकांच्या सोयीसाठीं सुमारें ६,५०,००० ग्राहकांचे तीन महिन्यांचे प्रश्न प्रसिद्ध केले. नांवें काढून त्यांच्या जागीं क्रमांक घातले होते. पण मनुष्य आपलें दुखणें, आपलें गांव, आपल्या नातलगांचीं नांवें, सर्व कांहीं त्या लहानशा चौकटींत लिहितो. थोड्याच दिवसांत एका वृत्तपत्रानें एका क्रमांकामागील बाई शोधून काढली. कंपनीनें तो संग्रह मागें घेतला; पण तोंवर त्याच्या नकला जगभर झाल्या होत्या. माणसें कसें पाहतात हें शास्त्र माणसांनीं आपल्या नकळत दिलेल्या साक्षीवर उभें आहे, याची आठवण ठेवणें भाग आहे.

आतां दहा ओळींची ती जुनी यादीच पालटत चालली आहे. २००७ मध्यें तिच्यांत चित्रें, नकाशे आणि बातम्या मिसळल्या. २०१२ मध्यें व्यक्ति आणि स्थळें यांच्या माहितीची चौकट बाजूला उभी राहिली. पडदा हातांत मावेल एवढा झाला आणि पूर्वींचा त्रिकोण मोडून नजर सरळ खालीं उतरूं लागली. २०१७ च्या ऑगस्टपासून गूगलला बोलून प्रश्न विचारण्याची सोय मराठींतहि झाली. शेवटीं २०२४ च्या मे महिन्यांत अमेरिकेंत, आणि त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें हिंदुस्थानांत, यादीच्याहि वर यंत्रानें स्वतः रचलेला सारांश दिसूं लागला. गूगलच्या पानावर पूर्वींपासून एक गमतीचें बटण होतें. तें दाबलें कीं यादी न दाखवितां यंत्र सरळ पहिल्या निकालावर नेत असे. तें फार थोडे लोक दाबीत. आज तेंच बटण जणूं आपोआप दाबलें जात आहे. प्यू संशोधन केंद्रानें ९०० अमेरिकन प्रौढांचें २०२५ च्या मार्चमधील वर्तन तपासलें. सारांश नसलेल्या पानांवर शंभर भेटींत १५ वेळां लोक एखाद्या निकालावर गेले. सारांश होता तेथें केवळ ८ वेळां. सारांशांत ज्या मूळ पानांचे दुवे दिलेले असतात त्यांवर जाणारे शंभरांत एक! प्रथम आपण दहांतील एक निवडीत होतों. आतां निवडण्याचा प्रसंगच टळूं लागला आहे.

एस. आर. रंगनाथन यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचीं पांच सूत्रें सांगितलीं. त्यांतील चौथें सूत्र असें कीं वाचकाचा वेळ वांचवावा. शोधयंत्रानें हें सूत्र जितकें पाळलें तितकें क्वचितच कोणी पाळलें असेल, आणि त्याचे उपकार नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. ज्या माहितीसाठीं आपले आजोबा कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत ती आज घरबसल्या मिळते. परंतु ग्रंथपालाला आपण विचारूं शकत होतों कीं, हेंच पुस्तक कां? आणि तो कांहीं तरी कारण सांगे. यादी कारण सांगत नाहीं. ती केवळ क्रम देते. वांचलेल्या वेळांतील थोडासा वेळ हें कारण शोधण्यांत खर्चणें, एवढेंच आपल्या हातीं आहे.

त्याला फार विद्वत्ता लागत नाहीं. ओळीवर बोट ठेवण्यापूर्वीं तिचा पत्ता वाचावा, म्हणजे कोण बोलत आहे तें कळतें. जाहिरात अशी बारीक अक्षरांतील खूण आहे काय तें पाहावें. तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत, आणि एकदां मराठींत व एकदां इंग्रजींत विचारावा. दोन्ही याद्या ताडून पाहिल्या कीं क्रम हा ईश्वरी संकेत नव्हे हें तत्काळ पटतें. सारांश वाचला तर त्याच्या मूळ पानापर्यंत एकदां तरी जाऊन यावें. आणि प्रश्न औषधाचा, पैशाचा किंवा मताचा असेल, तर दहावी ओळ वाचल्यावांचून उठूं नये.

कॉर्नेलच्या त्या उलट्या यादीपुढें बसलेल्या विद्यार्थ्यांची मला पुष्कळदां आठवण होते. बरोबर उत्तर त्यांच्या डोळ्यांसमोर, त्याच पानावर, थोडें खालीं होतें. कोणी तें लपविलें नव्हतें. केवळ तें पहिलें नव्हतें.